चुकीच्या दिवशी उपास करणारी बाई

भुताखेतांवर, अंगात येण्यावर, 'मला आधीच जाणवलं होतं'वर विश्वास ठेवायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे कधीच नव्हतं. मी इन्शुरन्स कंपनीत क्लेम्स तपासते. कुणी 'माझी गाडी आपोआप तळ्यात गेली' असं लिहून दिलं, की ती कशी गेली आणि कुणी ढकलली हे शोधायचा मला पगार मिळतो. नितीन, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "देव दारात उभा राहिला तरी तू त्याच्याकडे दोन आयडी मागशील." मागेनच! या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण कशासाठी, तर प्रत्येकात कुठे भोक आहे ते हुडकायला. आता माझ्या अनुभवात तुम्ही हुडका. सापडलं तर जरूर कळवा... चेष्टा नाही, मला ते हवंय.

आम्ही न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहतो. घरात मी, नितीन, हायस्कूलमधली आमची मुलगी रिया आणि गेल्या दोन वर्षांपासून माझ्या सासूबाई. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, मूळच्या मिरजेच्या. अंगाने स्थूल, पांढऱ्या केसांचा छोटासा अंबाडा, गुडघे दोन्ही गेलेले. वॉकर घेऊन हॉलमधल्या रिक्लायनर खुर्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत, एवढंच त्यांचं फिरणं. बोलणं त्याहून कमी. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण 'जेवलीस का' आणि 'आज थंडी आहे' याच्या पलीकडे आमच्यात फारसं काही कधी बोलणं झालं नव्हतं. भांडण नव्हतं हो. नुसतं बोलणंच नव्हतं.

मागच्या वर्षभरात त्यांचं थोडं विसरायला व्हायला लागलं. एकदा गॅस चालू राहिला. रियाला एकदोनदा त्यांनी 'मिलिंद' म्हणून हाक मारली. मिलिंद हा माझा धाकटा दीर, कॅलिफोर्नियात सनीव्हेलला असतो. त्याने लगेच इंटरनेटवर वाचून डिमेन्शियाचं निदान केलं आणि मेमरी केअरवाल्या, म्हणजे अशा वृद्धांना ठेवून घेणाऱ्या, जागांची माहितीपत्रकं नितीनला धाडायला सुरुवात केली. मी आणि नितीन एक जागा बघूनही आलो. स्वच्छ, छान, भिंतींवर फुलांची चित्रं. पण दाराच्या कुलपाला कोड होता, तो फक्त स्टाफला माहीत. आणि आत मराठी बोलणारं एकही माणूस नव्हतं. आईंचं इंग्रजी 'थँक्यू'शी संपतं. तिथे गेल्यावर त्या बोलणार कुणाशी, हा प्रश्न मी परत येताना गाडीत विचारला, तेव्हा नितीनने रेडिओचा आवाज वाढवला. त्यालाही ते झेपत नव्हतं, हे मला कळत होतं.

शेवटी ठरलं, की आधी स्पेशालिस्टला दाखवायचं. अपॉइंटमेंट मिळाली नोव्हेंबरची. तोवर आजी काही वेगळंच बोलली-वागली तर व्हिडिओ करून ठेव, डॉक्टरांना दाखवू, असं नितीनने रियाला सांगून ठेवलं.

मधल्या काळात माझी पोर्तुगालची ट्रिप होती. मी आणि बॉस्टनची माझी मैत्रीण पल्लवी, असा दोघींचा बेत. निघायच्या आठवड्यात तिच्या ऑफिसात काहीतरी पेटलं आणि तिने कॅन्सल केलं. "यार, सॉरी! पण तू जा ना एकटी, मस्त सोलो ट्रिप कर!" दुसऱ्याला एकटं पाठवणं किती सोपं असतं. पण तिकिटं रद्द होणारी नव्हती, नितीनही जा म्हणाला, आणि ऑक्टोबर संपता संपता मी निघाले. आईंनी फक्त "एकटी?" एवढंच विचारलं होतं. मी "हो" म्हटलं, तर बराच वेळ माझ्या बॅगेकडे बघत होत्या.

लिस्बन पाहून मी पोर्तोला पोचले. रविवारी दुपारी एक चालत फिरायची टूर बुक केली होती. ठरलेल्या चौकात जाऊन उभी राहिले, पण पावसाची भुरभुर होती आणि गाईड काही उगवला नाही. त्या चौकात आणखी एकच व्यक्ती वाट बघत होती. पन्नाशीची, सडपातळ, उंच बाई, करडे केस मानेपर्यंत कापलेले, निळं विंडचीटर, पांढरे स्पोर्ट्स शूज. मी घड्याळ बघून "आता काय करायचं?" असं बहुतेक तोंडातल्या तोंडात म्हणाले असेन. तर ती बाई वळली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "काय करायचं म्हणजे? पाय आहेत ना? चला."

परदेशात अचानक मराठी ऐकलं की लोकांना भरून येतं म्हणे. मला ते होत नाही. आमच्याकडच्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर किराणा घेताना कुणी 'अय्या, तुम्ही मराठी का?' असं गोड हसून विचारलं, की तिसऱ्या वाक्याला 'आम्ही एक बिझनेस करतो' हे येणारच आणि पाठोपाठ साखळी योजनेत ओढणं, असा माझा अनुभव आहे. मी पर्स खांद्यावरून काढून पोटाशी धरली. तिने नाव विचारलं तेव्हा मी सांगितलं, "अंजली. डॅलसला असते." माझं नाव मृदुला आहे आणि डॅलसला मी फक्त विमान बदलायला उतरलेय. पण अनोळखी माणसाला खरं नाव द्यायचं कशाला?

"आणि तुमचं?" मी विचारलं.

"राहू दे नावगाव," ती म्हणाली. "रोज तेच तर असतं. आज नको."

झालं. माझ्या डोक्यात फाइल उघडली. बरं, तिच्याकडे पर्स नव्हती, फोन नव्हता, साधी पिशवीही नव्हती. मी विचारलं, सामान कुठाय? म्हणाली, वर आहे, चर्चच्या मागे. आता पोर्तोमध्ये सगळंच वर आहे आणि सगळंच कुठल्या ना कुठल्या चर्चच्या मागे आहे! एकटीच आलात का? "एकटीच. घरी कुणाला सांगितलंही नाही," असं म्हणून ती हसली. शाळा बुडवलेल्या मुलीसारखी.

मग मी तिच्याबरोबर गेलेच का, असं तुम्ही विचाराल. खरं सांगते, एक म्हणजे दिवसाढवळ्याची वेळ होती, सगळीकडे माणसं होती. आणि दुसरं, एकटीने जेवायचा आणि एकटीने फोटो काढायचा मला एव्हाना मनस्वी कंटाळा आला होता.

आम्ही चालायला लागलो. प्रत्येक नाक्यावर ती थांबायची, दोन्हीकडे बघायची आणि म्हणायची, "मी ठरवणार." मी फोनवर उतरवून ठेवलेला मॅप काढला की हात करून बंद करायला लावायची. "आयुष्यभर कुणीतरी सांगेल तिकडे गेले हो मी. आज मला वाटेल तिकडे वळू दे की." आणि वळायची. स्टेशनात शिरून निळ्या टाइल्सच्या भिंती बघितल्या, तिथून एका बोळात, बोळातून चढावर. ती चढायची कशी म्हणून सांगू! मी धापा टाकतेय आणि ही पुढे पायऱ्यांवर उभी राहून मला विचारतेय, "तुमचे गुडघे बरे आहेत ना? गुडघे सांभाळा बरं, मोठी दौलत आहे." वरच्या पायरीवर जाऊन ती एकदा खाली उतरली आणि पुन्हा चढली. कशासाठी? म्हणाली, "येतंय म्हणून."

एका कॅफेत मी सँडविच घेतलं. तिला विचारलं, तर म्हणाली, "माझा उपास आहे. संकष्टी ना आज."

इथे मात्र मी तिला पकडलं. मी उपास करत नाही, पण पुण्याहून माझी आई दर संकष्टीला गणपतीचा फोटो आणि चंद्रोदयाची वेळ पाठवते, आणि तो मेसेज दोन दिवसांपूर्वीच येऊन गेला होता. मी म्हटलं, "संकष्टी परवाच झाली."

"छे! मी कॅलेंडर बघून निघालेय." तिने इतक्या ठामपणे सांगितलं, की मी वाद घातला नाही. मनात म्हटलं, बाई गं, सोंग आणायचं तर अभ्यास तरी नीट करायचा. मराठी बायकांना गाठायचं म्हणून उपासाचं नाटक आणि तेही चुकीच्या दिवशी! त्यानंतर ती पुढे चालत असताना मी गुपचूप तिचा एक फोटो काढून ठेवला. पुरावा हवा ना.

बाहेर कोपऱ्यावर एक माणूस गाड्यावर चेस्टनट भाजत होता, धूर सगळ्या रस्त्यावर. ती तिथे थबकली. "हे काय आहे? उपासाला चालेल का?" मग आम्ही दोघी त्या गाड्याशी उभ्या राहून चर्चा करत बसलो. धान्य नाही, कडधान्य नाही, झाडावर येतं, म्हणजे फळच. मी म्हटलं, शिंगाडा चालतो तर हे का नाही? तो माणूस आमच्याकडे बघून हसत होता. शेवटी तिने एक सोलून तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. "अगदी शिंगाडा!" आपण एका संशयिताबरोबर उभ्या आहोत, हे मी तेवढ्यापुरतं विसरले. तिने मला 'अगं' म्हणायला कधी सुरुवात केली, तेही कळलं नाही.

नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या अरुंद आणि ओल्या होत्या. अर्ध्यात ती एकदम म्हणाली, "थांब. तुझ्या बुटाची नाडी सुटलीय." मी खाली बघेपर्यंत ती वाकून बांधायलाही लागली. माझ्याहून मोठी बाई, माझ्या पायाला हात लावतेय... मी ओरडलेच, "अहो, काय करताय! नको!" तर वर न बघता म्हणाली, "तू काही ती पर्स सोडणार नाहीस. मग कोण बांधणार? पडशील." दोन गाठी मारल्या आणि वर चापटी मारली, लहान मुलांच्या बुटाला मारतात तशी. मला लाज वाटली. पर्स मात्र सोडली नाही.

खाली नदीकाठी भिंतीवर बसून ती खूप बोलली. शाळेत असताना एकदा कुणालाही न विचारता मैत्रिणीबरोबर दंडोबाच्या डोंगरावर गेली होती, घरी आल्यावर मार बसला, आणि त्यानंतर जी उंबऱ्याच्या आत बसली ती बसलीच. नवरा चांगला होता, मुलं चांगली निघाली, कुणाविषयी तक्रार नाही. "पण कुणी कधी विचारलं नाही गं, तुला कुठे जायचंय म्हणून. मीही सांगितलं नाही. चुकलंच ते." मी तिला रियाबद्दल सांगितलं, ऑफिसबद्दल सांगितलं, पल्लवीचा राग आला होता तोही सांगितला. नितीनलाही न सांगितलेलं काहीबाही बोलले. नावं तेवढी बदलून!

ऊन उतरायला लागलं तेव्हा आम्ही वरच्या लोखंडी पुलावर होतो. खूप गर्दी होती. बोलता बोलता ती गप्प झाली आणि कान देऊन ऐकल्यासारखं करायला लागली.

"मला हाक मारतायत," ती म्हणाली. "निघते गं."

"कोण? इथे कोण हाक मारतंय?"

तिने माझा गाल हलकेच चिमटीत धरला आणि पुलाच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागली. त्या पुलावरून मेट्रो जाते. मेट्रो आली, लोक बाजूला झाले, मेट्रो गेली, आणि ती दिसेना. मी पुढे धावले, दोन्हीकडे बघितलं, कुठेच नाही. मग काय केलं असेन मी? पर्स तपासली. पासपोर्ट, कार्डं, सगळं जागच्या जागी होतं. हॉटेलवर जाऊन तरीही मी बँकेचा पासवर्ड बदलला.

इथवर अमानवीय काहीच नाही. विक्षिप्त बाई भेटली, गेली. मीही तसंच धरून चालले होते.

घरी परतले तर वातावरण गंभीर होतं. नितीन म्हणाला, आईचं वाढलंय. रविवारी तर कमालच झाली. उपास नसताना उपास करून बसली. जेवायला बसेना, म्हणे संकष्टी आहे. आणि सकाळचा चहा घेऊन रिक्लायनरवर जी बसली, ती दुपारपर्यंत डोळे उघडे ठेवून स्वतःशीच बडबडत होती.

"शी वॉज, लाइक, नॅरेटिंग," रिया म्हणाली. "इट वॉज सो क्रीपी, मम्मा. मी दोन व्हिडिओज काढले."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभी राहून मी ते बघितले. पहिल्यात आई रिक्लायनरवर आहेत, अंगावर शाल, नजर समोर पण कुठेच नाही. पुटपुटत होत्या, पण शब्द स्पष्ट होते. "...हळू गं, पायऱ्या ओल्या आहेत... थांब, नाडी सुटलीय..." आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर हलायला लागले. बोटं एकमेकांत घालून गाठ मारली. मग दुसरी. मग उजव्या हाताने हवेत चापटी मारली.

मी तेवढा तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला.

व्हिडिओत रिया विचारते, "आजी, हू आर यू टॉकिंग टू? कोण आहे?" आणि आई, जणू फोनवर बोलता बोलता कुणी मध्ये विचारलं तसं, तिच्याकडे न बघता सांगतात, "अगं, एक बाई भेटलीय. आपलीच मराठी. अंजली म्हणून, डॅलसची. चांगली आहे, पण भारी संशयी. पर्स पोटाशी धरून चालतेय मेली."

दुसऱ्या व्हिडिओत त्या गप्प बसलेल्या आहेत. पलीकडून नितीनचा आवाज येतो, "आई, चल, थोडं खाऊन घे!" आई म्हणतात, "मला हाक मारतायत. निघते गं." आणि चिमटीत काहीतरी धरल्यासारखा हात पुढे करतात. मग डोळे मिचकावून हॉलभर बघतात, जणू नव्याने.

मंडळी, त्यानंतर मी जे केलं ते माझ्या धंद्याला धरूनच केलं. पहिला संशय फोनवर. चुकून घरी कॉल लागला असेल आणि आईंनी सगळं ऐकलं असेल. कॉल लॉग तपासले, माझ्या आणि घरच्या दोन्ही फोनचे. काही नाही. रोमिंग नको म्हणून माझा फोन तर दिवसभर एअरप्लेन मोडवर होता. दुसरा संशय रियावर, की मुलीने मजा केली. पण 'अंजली, डॅलस' हे मी पृथ्वीतलावर फक्त एका व्यक्तीला सांगितलं होतं. व्हिडिओ किती वाजता काढले तेही बघितलं. इथे न्यू जर्सीत सकाळ म्हणजे तिकडे दुपार, तो हिशेब चोख बसत होता. फोटो? फोटोत ती बाई आहे. हो, आहे! निळं विंडचीटर, करडे केस, पाठमोरी. म्हणजे हाडामांसाचं कुणीतरी तिथे चालत होतंच. माझ्या सासूबाईंसारखं मागूनही न दिसणारं कुणीतरी.

आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. ते आम्ही दरवर्षी आयसेलिनच्या भारतीय दुकानातून आणतो. महिन्याचं पान उलटायचं काम माझं असतं. मी नव्हते, म्हणून नोव्हेंबर उजाडून गेला तरी ऑक्टोबरचंच पान वर होतं. आईंनी ऑक्टोबरच्या संकष्टीची तारीख नोव्हेंबरात धरली, म्हणून त्यांचा उपास चुकला. डोकं बिघडलेलं नव्हतं, पान उलटलेलं नव्हतं. एवढं सरळ होतं. पण हे पान आमच्या स्वयंपाकघरात होतं. पोर्तोतल्या त्या बाईने तीच चूक त्याच दिवशी कुठलं कॅलेंडर बघून केली?

नितीनला मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, फोटो बघितला आणि म्हणाला, "मृदुला, तुला जेट लॅग आहे." एखादा क्लेम फेटाळताना माझा चेहरा कसा दिसत असेल, ते मला त्या दिवशी समजलं. मिलिंदशी व्हिडिओ कॉल झाला, त्यात तो म्हणाला, "वहिनी, प्लीज. आईच्या बाबतीत इमोशनल होऊन नाही चालणार. डॉक्टरला व्हिडिओ दाखवा, ते सांगतील तसं करू." आणि ते काय सांगणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं. त्या कोडवाल्या दाराच्या जागेत एक खोली रिकामी होत होती.

आईंना मी काहीच विचारलं नाही. भीती वाटत होती. फक्त एकदा चहा देताना, सहज बोलल्यासारखं म्हटलं, "आई, तुम्ही कधी तुमच्या मिरजेकडच्या दंडोबाच्या डोंगरावर गेला होतात?" त्यांनी कप बशीत ठेवला. "तुला कुणी सांगितलं?" म्हणाल्या. "हे तर मी यांनासुद्धा कधी सांगितलं नाही." मी काहीतरी थाप मारून आत गेले.

अपॉइंटमेंटला नितीन, आई आणि मी गेलो. डॉक्टर शांत स्वभावाच्या होत्या. दुभाषी मीच. आईंनी वार सांगितला, महिना सांगितला, मुलांची, सुनांची, नातवंडांची नावं सांगितली. घड्याळ काढून दाखवलं. तीन शब्द लक्षात ठेवायचे होते, त्यातला एक राहिला. मग नितीनने व्हिडिओ दाखवले. डॉक्टरांनी आईंना विचारायला सांगितलं, "या प्रवासाबद्दल तुम्हाला काही आठवतं का?"

मी मराठीत विचारलं. आईंनी नितीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. खोटं बोलायचं त्यांना जमत नाही. हळू आवाजात त्या सांगू लागल्या... निळ्या भिंतींचं स्टेशन, चढ, धूर, नदी, पुलावरून गेलेली आगगाडी. मी एकेक वाक्य इंग्रजीत करत होते. नितीन जमिनीकडे बघत होता. डॉक्टर लिहून घेत होत्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. यातलं काही प्रत्यक्षात घडलंय का? त्यांनी कधी असा प्रवास केलाय का?

वीस वर्षं मी लोकांना एकच सांगत आलेय. पुरावा नसेल तर 'हो' म्हणू नका. माझ्याकडे एक पाठमोरा फोटो होता. मी 'नाही' म्हटलं असतं तर ते कागदावर जाऊन बसलं असतं आणि त्या कागदामागोमाग आई त्या कोडवाल्या दाराआड.

"हो," मी म्हणाले. "त्यांनी सांगितलेला शब्द न् शब्द खरा आहे. कसा, ते मला सांगता येणार नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझीच तपासणी करावी की काय, असा विचार त्यांच्या मनात आला असला तर माझी हरकत नाही. शेवटी म्हणाल्या, की वयाच्या मानाने विसरणं थोडंसंच आहे, घाईने काही ठरवू नका, सहा महिन्यांनी परत या. नितीन गाडी आणायला गेला. घरी आल्यावर बोलला, "तू डॉक्टरशी खोटं बोललीस." मी म्हटलं, नाही. "मग एक्स्प्लेन कर ना!" आता काय एक्स्प्लेन करू? आजही नाही करता येत. शोध मी सोडलेला नाही. पोर्तोच्या त्या टूरवाल्यांना ईमेल केली, त्यांच्याकडे त्या दिवशी फक्त एकच बुकिंग होतं, माझं. परकायाप्रवेश, सूक्ष्म देह वगैरे सुचवणाऱ्यांना आधीच हात जोडते, त्याने माझं समाधान होत नाही. याहून साधं काही असेल तर सांगा.

पण क्लिनिकच्या दारात, गाडीची वाट बघत आम्ही दोघी बाकावर बसलो होतो, तेवढं लिहून थांबते. आईंचे हात वॉकरवर होते.

"का गं हो म्हणालीस?" त्या म्हणाल्या. "नोकरीत तुझा शब्द म्हणजे शब्द असतो म्हणतात. माझ्यासाठी खोटं बोललीस. मी कुठे गेले नव्हते, हे मला का कळत नाही? खुर्चीतच होते मी."

"खोटं नाही बोलले, आई," मी म्हटलं. "ती पर्सवाली संशयी बाई मीच होते."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. केस, कपाळ, डोळे, सगळं सावकाश, एखादं दूरचं माणूस ओळखू येतंय का ते बघावं तसं. मग त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांना कधीच रडताना पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही.

"म्हणजे माझं डोकं फिरलेलं नाही?"

"नाही, आई."

"मला वाटलं, सुरू झालं माझं. रात्र रात्र जागी असायची गं मी. म्हटलं, सांगायचं तर कुणाला?"

मी पर्स खाली ठेवली आणि त्यांना दोन्ही हातांनी जवळ घेतलं.